जहाजाच्या पोटातील कारागीर

२०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्याला मिळाले. संत्र्यांचा हा मराठी मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लाभतील, परंतु बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांना जागा नाही त्या तरुणांनी कोठे जावे, हा प्रश्न कचेऱ्यांनी सुटणारा नव्हे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या मुलांना गोदीची वाट दाखविणे कोणाला हास्यास्पद वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. पाइप फिटरला पोहता यावे लागत नाही. नजर आणि हात लागतो.

जहाज म्हणजे तरंगते गावच. इंजिन थंड ठेवणारे खारे पाणी, इंधन, वंगण, पिण्याचे पाणी, आग विझविण्याचे पाणी, तळाशी साचणारे घाण पाणी, या प्रत्येकासाठी स्वतंत्र नळ. नकाशात सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात एखाद्या तुळईला अडते. मग जागेवर तारेचा साचा घेऊन नळ वाकवावा लागतो, फ्लँज जुळवावी लागते, आणि नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडपट दाबाने पाणी भरून सांधा पारखावा लागतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी पाइप फिटर हा स्वतंत्र व्यवसायच आहे. आमच्या वास्कोची गोवा शिपयार्डही याच हातांवर उभी आहे.

मात्र या वाटेवरचा धोका लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. बराच काळ बंद राहिलेल्या पोलादी टाकीत गंजच प्राणवायू शोषून घेतो. वेल्डिंगसाठी वापरलेला आर्गॉन हवेहून जड. तो तळाशी साचतो. त्याला ना रंग ना वास. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोचीच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’ या जहाजावर स्फोट होऊन पाच जण दगावले. २०१४ च्या मार्चमध्ये माझगाव डॉकमध्ये ‘कोलकाता’ या युद्धनौकेच्या आग विझविण्याच्या यंत्रणेतून कार्बन डायऑक्साइड सुटला आणि नौदलाचा एक अधिकारी प्राणास मुकला.

गोद्यांतील पुष्कळसे काम आज कंत्राटदारांमार्फत चालते. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा जाऊन त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले. ‘हेल्पर’ म्हणून भरती झालेला आणि पुढे वर्षानुवर्षे फिटरचेच काम करणारा माणूस हजेरीपटावर हेल्परच राहतो, ते कोण बदलणार? हातात कौशल्य असूनही कागद नसल्याने दुसऱ्या गोदीत त्याला पुन्हा पायरीपासून चढावे लागते. अशा कामगाराची प्रत्यक्ष कामावर परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कंत्राटदाराची नव्हे, गोदीची मानली पाहिजे. आणि टाकीच्या तोंडावरील सूचना इंग्रजीत टांगून कर्तव्य संपले असे समजणाऱ्या व्यवस्थापकांना आमचे सांगणे आहे की, त्या टाकीत उतरणाऱ्याची भाषा आधी विचारून घ्या. हवा तपासल्याचा दाखला त्याला स्वतःला वाचता आला पाहिजे, आणि तो नसेल तर उतरण्यास नकार दिल्याबद्दल त्याची रोजी कापली जाता कामा नये.