मजुराच्या आजारपणाचे दिवस

आजारपणाची रजा ही संघटित कामगाराने लढून मिळविलेली गोष्ट आहे. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने तिला कायद्याचा आधार दिला. आज विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते; क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत ही मुदत दोन वर्षांपर्यंत लांबविता येते. ज्या कापसावर गिरण्या चालल्या तो कापूस पिकविणाऱ्या आर्णी तालुक्यातील शेतमजुराला मात्र रजा ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे तो खाडा. रजेचे दिवस मोजून पैसे दिले जातात. खाड्याचे दिवस मोजून पैसे कापले जातात. सालगडी महिनाभर अंथरुणाला खिळला, तर ते दिवस त्याच्या सालातून वजा होतात. रोजंदारीवरच्या मजुराची चूल दुसऱ्याच दिवशी उधारीवर पेटते.

हा प्रश्न किती जीवघेणा आहे, ते २०१७ च्या पावसाळ्याने दाखवून दिले. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. आर्णी तालुकाही त्याच पट्ट्यातला. शासनाने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. ते आवश्यकच होते. परंतु जे वाचले त्यांचे काय? अशा विषबाधेनंतर काहींच्या हातापायांतील शक्ती आठवडेच्या आठवडे परतत नाही. काहींची नजर अंधूक होते. त्यांच्या बुडालेल्या रोजीचा प्रश्न चर्चेतही फारसा आला नाही. मृत्यूची नोंद होते. अंगात त्राण नसलेल्या महिन्यांची होत नाही.

मजुराने हातमोजे घातले नाहीत, तोंड झाकले नाही, असा दोष त्याच्याच माथी मारण्याची रीत आहे. पण पंपाच्या हिशेबाने मजुरी मिळणाऱ्या माणसाला सावकाश, वाऱ्याची दिशा पाहून काम करणे परवडत नाही. ज्या व्यवस्थेत विश्रांती म्हणजे उपासमार, तेथे सावधगिरीचा उपदेश पोकळ ठरतो. अंगाला कंप सुटला असतानाही तो उद्या पुन्हा पाठीवर पंप चढवितो, याचे कारण अज्ञानाहून अधिक गरज हे आहे.

कायदा या मजुराला अगदीच विसरला होता असे नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्याचा समावेश झालेला होता, आणि सेंद्रिय फॉस्फरस संयुगांची विषबाधा हा व्यवसायजन्य रोग मानला गेला होता. तात्पुरते अपंगत्व आल्यास दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी मजुरी देण्याची तरतूद त्यात होती. मात्र ही जबाबदारी मालकावर होती. आणि आर्णीतला 'मालक' पुष्कळदा चार-पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी असतो. तो स्वतःही फवारतो, स्वतःही विषबाधेला बळी पडतो. त्याच्यावर दावा लावायचा म्हणजे एका कर्जबाजारी माणसाने दुसऱ्याला कोर्टात खेचायचे. गावात तोंडाला तोंड देऊन राहणारा मजूर ते करीत नाही, आणि त्याने ते करावे असे आम्हांलाही वाटत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हा भार विषाच्या व्यापारावर पडला पाहिजे. कीटकनाशकांच्या विक्रीवर उपकर बसवून जिल्हावार निधी उभारावा, आणि विषबाधेने काम सुटलेल्या प्रत्येकाला, मग तो मजूर असो वा अल्पभूधारक, वैद्यकीय दाखल्यावर निदान निम्मी मजुरी बरा होईपर्यंत द्यावी. ही कल्पना नवखी नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर दुखापत होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मजुराला किमान निम्म्या मजुरीची तरतूद होतीच. मातीकामावरच्या मजुरासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते कपाशीत विष हुंगणाऱ्यासाठी अमान्य का व्हावे?

मागणी मांडून कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. फवारणीच्या हंगामात प्रत्येक गावी एक साधी वही ठेवावी: कोणी, कोणाच्या शेतात, कोणते औषध, किती दिवस फवारले, कोण आजारी पडला, किती दिवस कामाला मुकला. औषधाची बाटली आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवण्यास मजुराला सांगावे. २०२० साली यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांची तक्रार बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडपर्यंत पोहोचली, ती अशाच चिकाटीने जमविलेल्या नोंदींच्या बळावर. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण तिला उत्तर द्यावे लागले. ज्या दिवसांची नोंदच नाही, त्यांची भरपाई मागता येत नाही. मजुराचा खाडा रजेत बदलावयाचा असेल, तर त्या लढ्याचा पहिला कागद गावच्या त्या वहीचाच असणार आहे.