कॉम्प्युटर गेम अडखळतो तेव्हा

वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत एक मागणी हमखास सुरू होते. "बाबा, गेम अडकतो. नवा कॉम्प्युटर घ्या ना!" बाबा दुकानदाराला विचारतात, तो एका दमात सत्तर-ऐंशी हजारांचा आकडा सांगतो आणि आई विचारते, चार वर्षांपूर्वी घेतलेला काय भंगारात घालायचा? आईचा प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा सगळा कॉम्प्युटर नव्हे, त्यातला एखादाच भाग कमी पडत असतो. तो न शोधता पैसे खर्च केले, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

शोधायचे कसे? गेम दहा मिनिटे चालू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू, म्हणजेच ग्राफिक्स कार्ड, यांच्यावर किती भार आहे ते दिसते. जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड दमले आहे असे समजा. प्रोसेसरचा आकडा मात्र फसवा असतो. त्याचा एखादाच कोअर पुरता राबत असतो, पण सगळ्यांची सरासरी ४० टक्केच दिसते. म्हणून आणखी एक सोपी परीक्षा करा. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. खेळ लगेच सुरळीत झाला, तर अडचण कार्डाची. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा मेमरीकडे पाहा.

बाजारात जाण्याआधी काही फुकटचे उपाय करून बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला न लावता मदरबोर्डला लावलेली असते, असे पुष्कळ घरांत आढळते. मग महागडे कार्ड नुसते बसून राहते! कॅबिनेटमधली धूळही काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखे धुळीने भरले की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

खर्च करायचाच, तर सुरुवात रॅम आणि एसएसडीपासून करा. २०२३ साली आलेल्या 'स्टारफील्ड' या गेमला किमान १६ जीबी रॅम आणि एसएसडी लागते. जुनी हार्ड डिस्क असेल, तर गेम मध्येच थबकण्याचे कारण बऱ्याचदा तीच असते. रॅम घेताना १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण दोन मार्गांनी माहितीची ने-आण होते. मात्र डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ ची पट्टी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले होते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी केलेली बरी.

ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत मोठा खर्च. इथे मुलांच्या हट्टाला थोडा लगाम हवा. घरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. १२० चित्रे काढणारे कार्ड आणून डोळ्यांना फारसा लाभ नाही. कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का, तेही पट्टीने मोजून घ्या.

आणि एसएमपीएस! गिऱ्हाईक सर्वांत जास्त काटकसर इथेच करते आणि माझ्या मते सर्वांत कमी इथेच करावी. आरटीएक्स ४०६० हे तसे मध्यम कार्ड, तरी त्यासाठी कंपनी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला स्वस्त डबा भार वाढला की कॉम्प्युटर बंद पाडतो. कधी स्वतः जळताना दुसऱ्या भागांनाही घेऊन जातो.

प्रोसेसर बदलणे सॉकेटवर अवलंबून असते. एएमडीच्या एएम ४ बोर्डवाल्यांचे नशीब चांगले. २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यावर, २०२२ सालचा रायझेन ५८००एक्स३डी चालतो. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर मात्र त्या कॉम्प्युटरवर मोठा खर्च करू नका. विंडोज ११ च्या यादीत अशा प्रोसेसरांना जवळपास जागाच नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

लॅपटॉपवाल्यांना फारसा वाव नाही. कार्ड बोर्डलाच जोडलेले असते, त्यामुळे फार तर रॅम आणि एसएसडी बदलता येते, तीही सगळ्यांत नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड, कुठेही जुने कार्ड घेत असाल, तर ते दुकानातच अर्धा तास गेम लावून चालवून बघा आणि मूळ बिल मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर सरळ पुढच्या दुकानात जा.