नाही म्हणणाऱ्याची जागा

विधिमंडळाची कामे मुख्यतः तीन. कायदे करणे, सरकारी खर्चाला मंजुरी देणे आणि सरकारला जाब विचारणे. पहिल्या दोन कामांच्या रीती देशोदेशी थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. खरा फरक तिसऱ्या कामात पडतो, कारण जाब विचारण्याचे काम कोणाच्या गळ्यात घातले आहे यावर सभागृहाचा सारा कारभार ठरतो. महाराष्ट्रात ते काम विरोधी पक्षनेत्याचे आहे. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत राज्याच्या विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही आणि विधान परिषदेतही नाही.

अमेरिकेत अध्यक्ष आणि त्यांचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात. विधेयकाचा कस समितीत लागतो आणि बहुतेक विधेयके तिथेच संपतात. अध्यक्षांच्या पक्षाचा सदस्य त्यांच्या विरोधात मत देऊ शकतो, त्याची जागा जात नाही. अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला तरी दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५० हजार नागरिकांच्या सह्या जमल्या की तो कायदा सार्वमताला जातो. जर्मनीच्या दुसऱ्या सभागृहात राज्य सरकारांचेच प्रतिनिधी बसतात आणि राज्यांशी संबंधित अनेक कायदे त्यांच्या संमतीशिवाय होत नाहीत. नकाराची सोय या तिन्ही ठिकाणी रचनेतच आहे.

ब्रिटिश पद्धतीत तशी सोय नाही. मंत्रिमंडळ संसदेतूनच येते आणि बहुमताच्या जोरावरच टिकते, त्यामुळे सरकारने आणलेले विधेयक सहसा पडत नाही. हा दोष ओळखून ब्रिटनने विरोधी पक्षनेत्याला मानाचे स्थान दिले. १९३७ च्या कायद्याने त्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू झाला. पंतप्रधानांच्या बुधवारच्या प्रश्नोत्तरांत त्याला सहा प्रश्न विचारता येतात. अधिवेशनातले २० दिवस विरोधकांच्या विषयांसाठी राखलेले असतात.

भारताने हीच पद्धत घेतली आणि १९८५ मध्ये दहाव्या अनुसूचीने तिच्यात पक्षांतरबंदीची भर घातली. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडणारा खासदार फार तर पक्षाबाहेर जातो, त्याची खासदारकी शाबूत राहते. इथे पक्षादेशाविरुद्ध मत दिले की आमदारकीच धोक्यात येते. सत्ताधारी बाकांवरून ‘नाही’ ऐकू येण्याची शक्यता त्यामुळे जवळपास संपली. म्हणूनच ब्रिटनपेक्षा भारतात विरोधी पक्षनेत्याची गरज अधिक आहे.

मुंबईच्या सभागृहाचा इतिहास तर विरोधकांनीच घडवला आहे. १८६२ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल सुरू झाले, तेव्हा गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट तिथे सरकारनियुक्त सभासद होते. सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या सभासदांना नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने मिळाला. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीवरून फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले सभागृहातून उठून गेले. दुरुस्ती मंजूर झालीच, पण कौन्सिलने सभात्याग पाहिला. दादरमध्ये ज्यांच्या नावाचा रस्ता आहे त्या सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. पाणवठे बंदच राहिले आणि १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. सभागृहाने बोलायचे आणि सरकारने अंमलात कुचराई करायची, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

१९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधानसभेवर निवडून आले. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली होती, पुढे ते दादरच्या राजगृहात राहायला गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. सत्ता बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची होती आणि विधेयक विरोधी बाकांवरून आलेले, त्यामुळे ते मंजूर झाले नाही. पुढच्या वर्षी खेर सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाच्या हक्कावर त्याने बंधने येत होती. आंबेडकरांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी गिरणगावात एक दिवसाचा संप झाला आणि परळच्या कामगार मैदानावर सभा भरली. कायदा व्हायचा तो झालाच. खोती मात्र १९४९ च्या कायद्याने गेली. विरोधकाचे विधेयक पडले तरी त्यातला विचार सभागृहाच्या दप्तरी राहतो आणि कधी ना कधी सरकारलाच तो उचलावा लागतो.

त्या विधानसभेच्या अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर होते. पुढे ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर गणपूर्तीइतके, म्हणजे एक दशांश, सदस्य हवेत असा दंडक त्यांनी तिथे घातला. विरोधी पक्षनेतेपद नाकारताना आज याच दंडकाकडे बोट दाखवले जाते. महाराष्ट्राच्या इतिहासाशी मात्र तो जुळत नाही. १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी काँग्रेसचे २१५ आमदार होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे १५. एक दशांशाला हे संख्याबळ बरेच कमी पडत होते, तरीही शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. प्रचंड बहुमत पाठीशी असलेल्या सरकारने तेव्हा हा मोठेपणा दाखवला होता. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाच्या १९७८ च्या राज्य कायद्यातही सर्वाधिक संख्याबळाच्या विरोधी पक्षाचा नेता आणि त्याला अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता एवढेच अभिप्रेत आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १० जागांवर थांबली. २८८ च्या सभागृहात एक दशांश म्हणजे २९. तेव्हापासून विधानसभेतले हे पद रिकामे आहे. परिषदेची कथा अधिक क्लेशदायक आहे. तिथले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे औरंगाबाद-जालना स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून आले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली. परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांनी निवडून द्यायच्या असतात. निवडणुकाच न झाल्याने ठिकठिकाणी प्रशासक बसले आहेत. मुंबई महापालिकेतही मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. मतदारच उरले नाहीत, म्हणून परिषदेच्या जागा भरल्या जात नाहीत. वॉर्डात नगरसेवक नाही याचा परिणाम असा थेट विधान भवनापर्यंत पोहोचतो.

विरोधी पक्षनेता नसल्याने काय अडते, असे विचारले जाते. अधिवेशनाच्या अखेरीस विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो आणि राज्याच्या दुखण्यांची झाडाझडती होते. विरोधी पक्षनेत्याच्या हाती तेव्हा सर्वांत जास्त वेळ असतो. मानवी हक्क आयोग आणि माहिती आयोग यांच्या निवड समित्यांवर कायद्यानेच त्याची जागा आहे. माहिती अधिकाराच्या कायद्याने तर मान्यताप्राप्त नेता नसेल तेव्हा सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला त्या जागी मानावे, असे लिहून ठेवले आहे. २००५ मध्ये संसदेला जे सुचले ते २०२५ मध्ये मुंबईत सुचू नये, याचा संताप येतो.

सरत्या वर्षातली दोन उदाहरणे पुरेत. पहिलीपासून हिंदी आणणारे शासन निर्णय सभागृहात न येताच निघाले आणि रस्त्यावरचा रोष पाहून २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, मागे घेतले गेले. विशेष जनसुरक्षा विधेयक मात्र संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले, १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि काही तरतुदी बदलल्या. समितीचे काम कसे चालावे याचा तो चांगला नमुना होता. मग १० जुलैला विधानसभेत प्रश्न मताला टाकला गेला. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. होयचे बहुमत झाले. नागरिकांच्या स्वातंत्र्याशी थेट संबंध असलेला कायदा आवाजी मतदानाने पुढे सरकला.

यंदाच्या अंकातला खास विभाग गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या बोलक्या वस्त्यांवर आहे. चाळीच्या गच्चीवरच्या सभा, कामगार मैदान आणि मंडळांचे कार्यकर्ते यांच्यावरचे लेख त्यात आहेत. याच वस्त्यांनी सभागृहाला त्याचे सर्वांत स्पष्टवक्ते सदस्य दिले, म्हणून संपादकीयाचा विषयही तोच ठेवला आहे.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. त्याआधी अध्यक्षांनी आणि सभापतींनी दोन्ही सभागृहांच्या विरोधी पक्षनेत्यांची नावे जाहीर करावीत. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आमदार दारात येतील, तेव्हा वाचकांनी ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडे हीच मागणी करावी.