यंत्राची किंमत आणि बैठकीचा खर्च

चंद्रपूर-गडचिरोली भागातील व्यापारी घरांत अलीकडे एक स्वागतार्ह बदल दिसतो. दुकानाच्या माडीवरील रिकाम्या खोलीत घरची सून किंवा लेक त्वचासौंदर्याचा व्यवसाय सुरू करू इच्छिते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम किंवा नागपुरातील एखादा वर्ग तिने पूर्ण केलेला असतो आणि प्रमाणपत्र हाती आलेले असते. मग प्रश्न येतो यंत्राचा. आश्चर्य असे की, पोत्यातून मूठभर तांदूळ काढून तळहातावर पारखल्याखेरीज सौदा न करणारे सासरे या यंत्राच्या बाबतीत मात्र विक्रेत्याच्या रंगीत पत्रकावर विश्वास ठेवून मोकळे होतात.

त्वचेवरील मृत पेशींचा थर हलकेच काढणे, एवढेच हे मूळ काम. त्यासाठी बाजारात अनेक साधने आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे हाताने लावायचा स्क्रब आणि मऊ ब्रश. त्याच्या पुढची पायरी अल्ट्रासॉनिक स्क्रबरची. पोलादी पातळ पात्याच्या सूक्ष्म कंपनांनी ओल्या त्वचेवरचा मळ सुटतो. हे साधन हातात मावते, वीज थोडी घेते आणि शिकण्यास सोपे आहे. मात्र कोरड्या त्वचेवर ते फिरवले तर चटका बसतो आणि हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीवर ते वापरू नये. त्यानंतर येते मायक्रोडर्माब्रेजन. ही पद्धत १९८५ च्या सुमारास इटलीत विकसित झाली. आरंभीच्या यंत्रांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक स्फटिक त्वचेवर फवारून लगेच शोषून घेतले जात. हे स्फटिक एकदाच वापरता येतात, त्यांची धूळ डोळ्यांत व श्वासात जाते आणि ते पुन्हापुन्हा मागवावे लागतात. हिऱ्याच्या कणांचा लेप दिलेल्या टोकाच्या यंत्रात ही कटकट नाही. टोके धुऊन निर्जंतुक करून परत वापरता येतात. फक्त शोषणनळीतील छोटे फिल्टर प्रत्येक गिऱ्हाइकागणिक बदलावे लागतात. सर्वांत वरच्या पायरीवर द्रावण सोडणारे व शोषणारे हायड्रा यंत्र आहे. त्याचा चेहऱ्यावर तत्काळ दिसणारा टवटवीतपणा गिऱ्हाइकाला मोह घालतो आणि विक्रेत्यालाही.

आता वही उघडावी. समजा, हिऱ्याच्या टोकाचे यंत्र १५ हजार रुपयांना मिळाले. एका बैठकीचे शुल्क ५०० रुपये आणि कापूस, फिल्टर, हातमोजे, जेल यांचा खर्च ६० रुपये. हाती ४४० रुपये राहतात, म्हणजे सुमारे ३५ बैठकांत यंत्राची किंमत निघते. हायड्रा यंत्र समजा ६० हजारांचे; बैठकीचे शुल्क ९०० आणि द्रावण व टोक मिळून खर्च २५० रुपये. हाती ६५० राहतात, पण ९३ बैठका लागतात. गडचिरोलीसारख्या ठिकाणी आरंभी आठवड्याला दोन गिऱ्हाइके आली तर पहिले यंत्र चार महिन्यांत मोकळे होते, दुसरे अकरा महिन्यांत. जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून दारात उभा राहतो. ८ एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. लहान आरंभासाठी शिशु गट पुरेसा आहे. बँक बहुधा कोटेशन पाहून रक्कम थेट विक्रेत्याला देते. म्हणूनच काही विक्रेते कोटेशनमध्ये नको ती उपकरणेही घुसडतात. आठ कामे करणारे एकच यंत्र हा त्यातला लोकप्रिय प्रकार. त्याचे एक काम बंद पडले की सगळे यंत्र दुरुस्तीला जाते. दर विचारताना जीएसटीसह विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवेवरील कर ५ टक्के झाला, पण त्यासोबत खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. यंत्रावर भरलेला कर हा खर्चच.

दुरुस्तीचा मुद्दा या भागात विशेष कळीचा आहे. चंद्रपुरातून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, तर सिरोंचातून गडचिरोलीच दोनशेच्या पुढे. फिल्टर, टोके आणि द्रावण किती दिवसांत पोहोचेल, बिघाड झाल्यास माणूस येईल की यंत्र पाठवावे लागेल, हे लेखी घ्यावे. त्या विक्रेत्याकडून घेतलेले यंत्र दोन वर्षे वापरणाऱ्या एखाद्या पार्लरचालिकेला फोन केला तर पत्रकापेक्षा अधिक कळते. वीज अधूनमधून जाणाऱ्या गावात व्होल्टेज स्टॅबिलायझरचा खर्चही आधीच धरावा.

पैशापेक्षा मोठी जोखीम चेहऱ्याची असते. आपल्याकडील सावळ्या त्वचेला जरा जास्त घासले तरी काळे डाग उमटतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. शोषणाचा दाब कमी-जास्त करता येतो की नाही, हे यंत्र घेताना हातावर तपासावे. स्वस्त यंत्रांत तो ठोकळेबाज असतो. मुरुमे सुजलेली असतील, नागीण किंवा इसब असेल, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर गिऱ्हाईक परत पाठवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे. तीव्र रासायनिक पील हे तर त्यांचेच काम. निर्जंतुकीकरणात कसूर चालत नाही, कारण काविळीचा ‘ब’ विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जिवंत राहतो.

व्यापारी घरांतील स्त्रिया आणखी एक प्रश्न हमखास विचारतील: यात मध किंवा मोत्याचे चूर्ण आहे का? भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी २०१४ पासून बंद आहे, पण घटकांचा प्रश्न त्याने सुटत नाही. डब्यावरील घटकांची यादी वाचून ती वहीत लिहून ठेवणारीवर गिऱ्हाईक भरवसा ठेवते.

खरेदीची वेळही पाहावी. जेठ महिन्यात यंत्र आणले तर चातुर्मासात लग्ने नसताना हप्ते भरावे लागतात. वैशाखाच्या लग्नसराईत चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर असतो आणि नुकतीच घासलेली त्वचा उन्हाला अधिक हळवी असते. तेव्हा नववधूची बैठक लग्नाच्या आदल्या दिवशी घेणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मध्ये किमान आठवडाभर अंतर ठेवावे आणि सनस्क्रीन लावायला लावावे. सोयीची खरेदी अश्विनातली. मग तुळशीच्या लग्नापर्यंत महिनाभर घरातल्या बायकांच्या हातावर आणि पाठीवर सराव होतो, फिल्टर किती लागतात ते कळते आणि बैठकीचा खरा खर्च वहीत दिसू लागतो.