आवाजालाही माप असते



वस्तीतील काही तरुणांनी मोटारसायकलचे मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखे वाजणारे बसविले आहेत. "आवाज जास्त हे कोण ठरविणार?" असे ते आम्हाला विचारतात. ठरविते ते यंत्र. उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात माईक ठेवून आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते!

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय तीन महिने लायसन्स जाते. ज्याची रोजी गाडीवर, त्याने काय करावे?

विहाराच्या अभ्यासिकेत आपलीच लेकरे परीक्षेचा अभ्यास करीत आहेत. मुलांनो, मूळ सायलेन्सर परत बसवा. दंडाचे पैसे त्यांच्या पुस्तकांना द्या.