बंदी उठली, पण इंजिन उठेना! ई-२० पेट्रोलचा भार छोट्या होडीवर किती?

सिंधुदुर्ग : ३१ जुलैच्या रात्री पावसाळी मासेमारी बंदी संपते. ६१ दिवस शाकारून ठेवलेल्या होड्या बाहेर निघतात, आणि मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एक ओळखीचं दृश्य दिसतं. दोघे-तिघे पाळीपाळीने आउटबोर्ड इंजिनची दोरी ओढताहेत, कुणीतरी प्लग काढून फुंकतोय, कुणी पेट्रोलचा फुगा दाबतोय आणि मशीन काही चालू होत नाही. जाणता माणूस टाकीचं झाकण उघडून वास घेतो आणि म्हणतो, "पेट्रोलात पाणी इला."

हे बोलणं बऱ्याच वेळा खरं निघतं. पण ते पाणी पावसाचंच असतं असं नाही. पंपावरून आणलेल्या पेट्रोलने हवेतून ओढून घेतलेलंही असू शकतं.

देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण २०१४ च्या सुमारास दीड टक्का होतं. आधी २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट सरकारने अलीकडे आणलं आणि २०२५ मध्ये ते गाठलं. आज पंपावर सर्वसाधारणपणे मिळतं ते हेच ई-२०. यामागची कारणं खोटी नाहीत. कच्च्या तेलावरचं परकीय चलन वाचतं, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. घाट चढून कोल्हापुरात गेलं की इथेनॉल हा कारखान्याच्या आणि शेतकऱ्याच्या पैशाचा विषय आहे. घाटाखाली, किनाऱ्यावर, तेच इथेनॉल होडीच्या टाकीत येतं. जुन्या मोटारी आणि दुचाकींना ई-२० चालतं का, यावर देशभर भरपूर वाद झाला. त्यात होडीचं इंजिन जवळपास कुठेच नव्हतं.

खरं तर या पेट्रोलची सर्वात कठीण परीक्षा होडीतच होते. इथेनॉल पाणी धरतं. मोटारीची टाकी बंद असते आणि आठवड्यात रिकामी होऊन पुन्हा भरते. होडीतल्या सुट्या टाकीच्या झाकणाला हवेचा स्क्रू असतो, आजूबाजूला खारी दमट हवा असते आणि बंदीत ती टाकी दोन महिने तशीच पडते. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं, तोवर काही कळत नाही. प्रमाण वाढलं की पेट्रोल फाटतं. इथेनॉल आणि पाणी मिळून जड होतात, खाली बसतात आणि वर नुसतं पेट्रोल तरंगतं. इंजिनला जाणारी नळी टाकीच्या तळातूनच ओढते.

टू-स्ट्रोक इंजिनात याचा धोका दुप्पट. त्याचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, ५० ला १ या मापाने म्हणजे लिटरला २० मिली. पेट्रोल फाटलं की ऑइल वरच्या थरात राहतं. खालचा थर इंजिनात गेला तर नशीब चांगलं असेल तर ते बंद पडतं. नाहीतर कोरडं फिरून पिस्टन धरतो, आणि मग खर्च प्लग-कार्ब्युरेटरचा न राहता बोअरचा होतो. बाकी त्रास हळूहळू होतात. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा कडक होतो किंवा फुगतो. कार्ब्युरेटरमध्ये पांढरी भुकटी धरते, जेट तुंबतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये येतो. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या माहितीपुस्तकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. पंपावर २० टक्के मिळतं. मधल्या फरकाची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याच कागदावर नाही. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल आहे, पण ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर आणि साध्या पेट्रोलपेक्षा बरंच महाग. ते आणून बांगड्याची जाळी टाकायची म्हटलं तर बांगडाच परवडणार नाही.

रोजच्या खर्चाचा हिशेब वेगळा. ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण चार ते पाच लिटर पितं. जाळ्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत तीन तास मशीन चाललं तरी १२ लिटर, लिटरचा दर शंभराच्या वर, म्हणजे मासा मिळायच्या आधीच हजार-बाराशे रुपये पाण्यात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सहा-सात टक्के ताकद कमी. कागदावर पाहिलं तर फेरीला पाऊण लिटर जास्त, महिन्याला २० फेऱ्या धरल्या तर दीड हजार रुपये. मोठ्या बोटीच्या मालकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. दोन माणसांच्या होडीला तो एका बऱ्या दिवसाचा नफा आहे.

इथे इंधनाच्या मदतीचा प्रश्न येतो. मच्छीमार संस्थांमार्फत मिळणारा कराचा परतावा डिझेलवरचा आहे. तो वेळेवर मिळत नाही ही ट्रॉलरवाल्यांची तक्रार जुनीच, पण निदान त्यांना तक्रार करायला योजना तरी आहे. पंपावर कॅन भरणाऱ्या आउटबोर्डवाल्याला त्यात जागा नाही. गंमत म्हणजे बंदीच्या वेळी हाच होडीवाला मोठ्यांच्या रांगेत बसतो. बंदीतून सूट फक्त बिगरयांत्रिकी होड्यांना आहे, इंजिन लावलं की १ जून ते ३१ जुलै होडी वर.

वादळात तर फरक आणखी उघडा पडतो. केंद्राच्या आपत्ती निकषांत २०२२ पासून पूर्ण नष्ट झालेल्या छोट्या होडीला १५ हजार आणि दुरुस्तीला ६ हजार रुपये आहेत. १५ हजारांत होडी सोडाच, नवं इंजिनही येत नाही. म्हणून छोट्या मालकाची खरी मालमत्ता म्हणजे चालू स्थितीतलं मशीन, आणि ते टिकवणं हाच त्याचा विमा.

टिकवण्याची कामं तशी साधी आहेत, पण ती बंदीच्या आधी करावी लागतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात लागेल तेवढंच पेट्रोल आणावं. उरलेलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्ये ओतू नये, फोर-स्ट्रोक गाडीचा प्लग खराब होतो. शेवटच्या फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायचं आणि मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत तसंच सोडायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून दोरी दोन-तीनदा हळू ओढावी. टाकी पूर्ण रिकामी करून पुसावी. गिअर ऑइल काढून पाहावं. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलेलं आहे आणि ऑगस्टपर्यंत थांबलं तर गिअरही जाईल. हंगामात किनाऱ्यावर आल्यावर टाकीचा हवेचा स्क्रू बंद करायची सवय फुकट आहे, फक्त निघताना तो उघडायचा. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवला तर खाली साचलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं. तो नसेल तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावं. मध्ये रेघ दिसली की ते पेट्रोल समुद्रात न्यायचं नाही. हे करताना बिडी लांब.

एवढं करूनही मूळ प्रश्न होडीवाल्याच्या हातात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याच्या पंपाला वेगळा वीजदर असतो, मग मच्छीमाराच्या इंजिनला वेगळं इंधन का नको, हा प्रश्न आता सरळ विचारता येतो. मागणी दोन प्रकारे होऊ शकते. नोंदणीकृत आउटबोर्ड होड्यांना लिटरमागे ठरावीक परतावा द्यावा, किंवा बंदरांजवळच्या एखाद्या पंपावर १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नसलेलं पेट्रोल ठेवावं. दुसरं जास्त उपयोगाचं, कारण परताव्याने पैसे येतात, पिस्टन वाचत नाही. तेल कंपनीला एका पंपासाठी वेगळी टाकी परवडायची तर महिन्याचा खप दाखवावा लागेल. तो आकडा संस्थांकडे हवा. आज त्यांच्या वहीत डिझेलचा लिटरपर्यंत हिशेब आहे. पेट्रोल होडीवाला रोख देऊन कॅनमध्ये नेतो, पावतीही मागत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर किती पेट्रोल जळतं, हे मागणी करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मालवणच्या समोरच्या खडकाळ पट्ट्यात संध्याकाळी इंजिन थांबलं तर वारा होडी कुठे नेईल ते खलाशाला माहीत असतं. फायबरच्या नव्या होड्यांत पूर्वीसारखं शीड नसतं, काहींत वल्हंही एकच असतं.