पडद्यावरची फिल्म सोलणारे हात

नवा टीव्ही किंवा मोबाइल घरी आला की पडद्यावरची पातळ फिल्म ओढून काढायला घरातल्या पोरांची भांडणे लागतात. ती शेवटची फिल्म असते. तिच्या आधी त्याच पडद्याच्या पोटातल्या कितीतरी फिल्म कुणीतरी सोलून काढलेल्या असतात. हे काम करणाऱ्या पोरी-पोरांबद्दल आपल्या चळवळीत अवाक्षर निघत नाही. आम्हाला हे मौन खटकते, म्हणून हा लेख.

आधी काम समजून घेऊ, कारण काम न समजता कामगारावर भाषण ठोकण्याची आपल्याकडे सवय आहे. सपाट पडदा म्हणजे एकावर एक बसवलेले थर. काचेच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर नावाचा थर चिकटवतात. तो येतो तेव्हा त्याच्या चिकट अंगावर एक फिल्म असते आणि दुसऱ्या अंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून आणखी एक. काचेच्या मागे उजेड पसरवणारी पारदर्शक पाटी असते, डिफ्यूझर शीट असते, प्रिझम शीट असते. यांच्यावरही फिल्म. जोडणीच्या नेमक्या क्षणी ती निघाली पाहिजे. आधी काढली तर धूळ बसते, राहून गेली तर पडदा बाद.

कोरिया, चीन, तैवानच्या मोठ्या पॅनेल कारखान्यांत बरेचसे सोलकाम रोलर आणि यंत्रे करतात. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. टीव्हीचे काचपॅनेल, ज्याला धंद्यात ओपन सेल म्हणतात, ते बहुतांश बाहेरून येते. नागपूरजवळ बुटीबोरीला एलसीडी पॅनेलचा मोठा प्रकल्प येणार अशा घोषणा दहा वर्षांपूर्वी झाल्या होत्या. तो उभा राहिला नाही. मग रांजणगाव, नोएडा, श्रीपेरुंबुदूर या पट्ट्यांत उरते ती मुख्यतः जोडणी: शीट रचणे, फिल्म सोलणे, पुसणे, स्क्रू मारणे, तपासणे. 'मेक इन इंडिया'च्या जाहिरातीत जो चकचकीत पडदा दिसतो, त्यात आपल्या पोरांच्या वाट्याला आलेला भाग हा एवढा.

आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी अशा लाइनवर अकरा महिने होती. तिने आम्हाला वहीच्या प्लॅस्टिक कव्हरवर करून दाखवले. कोपऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा दाबायचा. तो धरून फिल्म मागे दुमडायची आणि जवळजवळ पाटीला समांतर ठेवून, एका संथ गतीने, न थांबता शेवटपर्यंत न्यायची. वर उचलून ओढली तर पातळ शीट वाकते. मध्येच थांबलात तर थांबल्या जागी रेघ राहू शकते. बोटाचा ठसा उमटला तर पुसापुशी, आणि पुसताना ओरखडा आला तर रिजेक्ट. आम्ही तिच्यासमोर करून पाहिले. तिसऱ्या वेळीही कव्हर चुरगळले आणि ती हसली.

यातली खरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. चिकटलेले दोन पृष्ठभाग एकमेकांपासून सुटतात तेव्हा स्थिर वीज तयार होते. हिवाळ्यात स्वेटर काढताना केस उभे राहतात ती हीच वीज. फिल्म सोलताना ती हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकते. प्रवाह नगण्य असल्याने माणसाला फार तर चटका बसतो, पण काचेवरचे सूक्ष्म ट्रान्झिस्टर त्यात जळू शकतात, आणि भारलेला पृष्ठभाग आसपासची धूळ स्वतःकडे ओढतो. म्हणून जागेवर आयोनायझरचा पंखा असतो, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा असतो, हवेतला ओलावा राखलेला असतो. एवढे करूनही एक गोष्ट हातावरच अवलंबून राहते. फिल्म जितक्या वेगाने ओढाल तितकी वीज जास्त.

आता या एका वाक्यावर थोडे थांबू. तासाचे टार्गेट वाढवले की हात वेगाने चालणार. हात वेगाने चालला की वीज वाढणार, धूळ बसणार, रिजेक्ट वाढणार. रिजेक्ट वाढले की लाइन लीडर ओरडणार कोणावर? टार्गेट ठरवणाऱ्यावर नक्कीच नाही. त्या मुलीला एकदा सगळ्यांसमोर 'तुझा हातच घाणेरडा आहे' असे ऐकवले गेले. बोलणाऱ्याच्या मनात फक्त धूळ असेलही. ऐकणारीच्या मनात तेवढेच राहत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही.

आणि या कामाचा हुद्दा काय? 'हेल्पर'. किमान वेतनाच्या कोष्टकात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात. आम्ही ज्या मुला-मुलींशी बोललो त्यांतले बहुतेक शेवटच्या रकान्यात होते. ज्या हाताच्या कोनावर आणि गतीवर महागडे पॅनेल टिकते, तो हात अकुशल! समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की कौशल्य ही केवळ तांत्रिक गोष्ट नसते, कोणाच्या हाताला कौशल्य म्हणायचे हे सत्ता ठरवते. चामडे कमावण्यात केवढे रसायनज्ञान होते! त्याला या देशाने कधी ज्ञान म्हटले का?

क्लीनरूमबद्दल आपल्या वस्त्यांत एक आकर्षण आहे आणि त्याची आम्ही टिंगल करणार नाही. बाप गटारात उतरला, आईने झाडू मारला, आणि लेक पांढऱ्या पोशाखात एसीमध्ये काम करते, याचे मोल ज्याने ते भोगले त्यालाच कळते. एका पोराने आम्हाला सांगितले की आत गेल्यावर टोपी-मास्कमध्ये कोण कोणाचा हे कळतच नाही, आडनाव बाहेर राहते. ही भावना खरी आहे. म्हणून चळवळीतले काही ज्येष्ठ आम्हाला विचारतात की परंपरेच्या घाणीतून पोरे बाहेर पडत असताना तुम्ही कुरकुर कशाला करता?

आमचे उत्तर असे की तो पांढरा पोशाख नेमका कोणाला वाचवतो ते पाहा. तो पॅनेलला माणसापासून वाचवतो. माणसाची त्वचा झडते, केस गळतात, श्वासातून कण येतात. ते पडद्यावर पडू नयेत म्हणून हा पोशाख. दहा हजारच्या वर्गातली क्लीनरूम म्हणजे घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण दहा हजारांच्या आत. हा हिशेब कणांचा आहे, वाफेचा नाही. छताचे हेपा फिल्टर धूळ पकडतात, द्रावणाची वाफ पकडत नाहीत. शिवाय अशा खोल्यांत गाळलेली हवा बऱ्याच प्रमाणात पुन्हापुन्हा फिरवली जाते. म्हणजे खोली धुळीच्या दृष्टीने लखलखीत आणि श्वासाच्या दृष्टीने विषारी, असे एकाच वेळी असू शकते.

हे हवेतले बोलणे नाही. चीनमधल्या सुझोऊ शहरात विंटेक नावाच्या कंपनीच्या कारखान्यात ॲपलसाठी टचस्क्रीन बनत. तिथे पडदा पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरायला सुरुवात झाली, कारण ते लवकर उडते आणि काम पटापट होते. पुन्हा तेच, वेग! हेक्झेन श्वासातून शरीरात गेले की त्यापासून तयार होणारे रसायन हातापायांच्या टोकाच्या मज्जातंतूंवर घाव घालते. २००९ च्या सुमारास तिथल्या कामगारांची बोटे बधिर होऊ लागली, चालणे अवघड झाले. पुढे २०११ च्या अहवालात ॲपलनेच कबूल केले की १३७ कामगारांना विषबाधा झाली. आणि हा आजार नवा होता का? जपानमध्ये सँडल बनवणाऱ्या कामगारांत, गोंदातल्या हेक्झेनमुळे, तो १९६० च्या दशकातच नोंदला गेला होता. चपला चिकटवणाऱ्यांच्या शरीरातून विज्ञान जे शिकले, ते चाळीसेक वर्षांनी पडदा पुसणाऱ्यांपर्यंत कोणी पोहोचवले नाही. चर्मकार वस्त्यांत सोल्युशनच्या वासात बसून काम करणाऱ्या आपल्या बांधवांनीही हा परिच्छेद आपल्यासाठी समजावा.

आमच्या अभ्यासिकेतल्या त्या मुलीच्या टेबलावरही एक बाटली होती. तिच्यावर 'क्लीनर' एवढेच लिहिलेले. आत काय आहे हे अकरा महिन्यांत तिला कोणी सांगितले नाही. कदाचित साधे आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल. पण पॅनेलच्या प्रत्येक खोक्यावर कसे धरावे, किती तापमानात ठेवावे, किती खोकी रचावीत हे छापलेले असते. पॅनेलला एवढी माहिती आणि माणसाला एक शब्द?

ही माहिती दडवण्याची किंमत दक्षिण कोरियाने मोजली आहे. हान हे-क्युंग ही तरुणी १९९५ ते २००१ सॅमसंगच्या एलसीडी विभागात काम करत होती. २००५ मध्ये तिला मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. हा आजार कामामुळे झाला हे सरकारी यंत्रणेने मान्य करायला २०१९ उजाडले. अडसर एकच: कोणती रसायने वापरली ते सिद्ध कर, असे आजारी माणसालाच सांगितले जाई आणि कंपन्या व्यापारी गुपित म्हणून यादी देत नसत. २००७ पासून 'बानोलिम' या संघटनेने एकेक कामगाराची कहाणी लिहून काढली, मोर्चे काढले, वर्षानुवर्षे धरणे धरले. २०१८ मध्ये सॅमसंगला जाहीर माफी मागावी लागली. तिथे जात नव्हती, पण खेड्यातून आलेल्या, शाळा संपताच कारखान्यात शिरलेल्या मुली होत्या.

आपल्या इतिहासात हात आणि कारखाना यांचा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. गिरणीच्या कोणत्या खात्यात, कोणत्या कृतीत, कोणाच्या थुंकीवर भेद होतो हे त्यांना तपशिलात माहीत होते. आज आपल्यातले किती कार्यकर्ते रांजणगावच्या लाइनवर काय चालते ते एवढ्या तपशिलात सांगू शकतील? खासगी क्षेत्रातल्या आरक्षणावर आपण तासभर बोलतो, बोलायलाच हवे. पण आपली जी पोरे ठेकेदाराच्या यादीतून आज आत आहेत, त्यांची आपल्याकडे साधी नोंद नाही. २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी युनियनच्या मान्यतेसाठी महिनाभराहून अधिक काळ संप केला. त्या कारखान्यात टीव्हीही बनतात. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर त्याची किती चर्चा झाली?

आता कामाचे बोलू. भोपाळनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांतल्या धोक्याची माहिती कामगारांना देण्याचे बंधन फॅक्टरीज ॲक्टमध्ये आले. तो कायदा आता २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत मिसळला आहे आणि तिच्यातही आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला आहे. मात्र आपली बरीच पोरे शिकाऊ म्हणून घेतली जातात, आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो की शिकाऊ हा कामगार नव्हे. मालक एवढेच वाक्य ऐकवतो. त्याच कायद्याचे चौदावे कलम तो ऐकवत नाही: कारखान्यात शिकणाऱ्याला आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी कामगाराप्रमाणेच लागू. हे कलम तोंडपाठ करा.

प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक असते, इंग्रजीत त्याला एसडीएस म्हणतात. ते लेखी मागा, एकट्याने नको, पाच-सहा जणांच्या सह्यांनी. हुद्द्याचे पत्र मागा आणि त्यात 'हेल्पर' असेल तर तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते तारखेसह लिहून ठेवा. अर्धकुशल वर्गासाठी भांडताना हाच कागद लागतो. बोटांना मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणे, सततची डोकेदुखी, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरला आपले काम सांगा. सरकारी दवाखान्यात कोणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगायचे आणि केसपेपरवर लिहून घ्यायचे.

आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे बाटलीचा फोटो काढता येत नाही, असे पोरे सांगतात. मग लेबल वाचा, लक्षात ठेवा आणि सुटी झाली की बसमध्ये बसून कागदावर उतरवा. लेबल नसेल तर 'लेबल नाही' हे लिहा, वास कसा आहे, किती वेळात उडते, दिवसात किती वेळा वापरले ते लिहा. आम्ही अभ्यासिकेत यासाठी एक वही ठेवली आहे. नाव लिहायची सक्ती नाही. तारीख, लाइन आणि काम एवढे पुरे. पहिल्या पानावर त्या मुलीने स्वतःच्या हाताने फिल्म सोलण्याच्या अकरा पायऱ्या लिहिल्या आहेत, चित्रांसकट. पुढची पाने कोरी आहेत.